काचेची दोरी आणि पक्ष्याचा डोळा

कौलावर बसून पहाटे गाणारा दयाळ आणि समुद्रातील खडकाला आयुष्यभर चिकटून राहणारा स्पंज यांची नोंद प्राणिसृष्टीच्या एकाच दफ्तरात कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न एके काळी मुळीच निरर्थक नव्हता. कारण स्पंज प्राणी की वनस्पती, याविषयीच विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. या प्रश्नाच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचलेला एक संशोधक बॉन विद्यापीठात होऊन गेला: शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक माक्स शुल्ट्से (१८२५–१८७४).

जपानहून युरोपात येणाऱ्या ‘हायलोनेमा’ नामक वस्तूचा मामला त्या वेळी अनिर्णित होता. काचतंतूंची पिळदार दोरी, तिच्या एका टोकाशी स्पंज आणि अंगावर दाटीने बसलेले प्रवाळसदृश जीव, अशी तिची रचना. लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी दोरीचे कर्तृत्व त्या जीवांना दिले आणि स्पंजाला परका ठरविले. शुल्ट्से यांनी १८६० मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्यावर उलट निवाडा दिला, की दोरी स्पंजाचीच असून वरचे जीव केवळ आश्रित होत. आणि तोच पुढे कायम झाला.

सहा वर्षांनी त्यांनी पक्ष्यांचे दृष्टिपटल तपासले. घुबडात दंडपेशींचे प्राबल्य आणि दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांत रंगीत तैलबिंदू धारण करणाऱ्या शंकुपेशींचे, हे पाहून दंडपेशी अंधुक प्रकाशासाठी व शंकुपेशी उजेडासाठी आणि रंगांसाठी असाव्यात, असे अनुमान त्यांनी केले. मानवी दृष्टीचे शास्त्र आजही त्याच पायावर उभे आहे.

तथापि या दोहोंहून मला थोर वाटते ती त्यांची १८६१ मधील व्याख्या: पेशी म्हणजे केंद्रकयुक्त जीवद्रव्याचा गोळा, भोवतालचे आवरण अनिवार्य नव्हे. या व्याख्येने पक्ष्याचा मज्जातंतू आणि स्पंजाचा कण एकाच मापाने मोजता आले. स्पंजाला मेंदू नाही, स्नायू नाहीत, आतडे नाही. चाबकासारखे केस हालवून त्याच्या पेशी पाणी ओढतात आणि त्यातील अन्नकण गाळून घेतात. परंतु त्याचे शरीर सांधणारे कोलॅजन हे प्रथिन दयाळाच्या कंडरांतही आहे. दोघांचा समाईक पूर्वज साठ कोटी वर्षांहून अधिक जुना असला, तरी स्पंज म्हणजे पक्ष्याचा आजा नव्हे. त्या फाट्यापासून दोघांनीही सारखाच काळ वाटचाल केली आहे.

हायलोनेमाच्या काचस्पंज कुळात तर शरीराचा बराचसा भाग अनेक केंद्रके असलेल्या, मधल्या सीमा विरलेल्या अखंड जीवद्रव्याचा असतो, आणि त्यातील काही जातींत, एकही मज्जातंतू नसताना, विद्युत्संदेश सर्वांगभर पसरून पाण्याचा प्रवाह थांबवितो.