विश्लेषण : आईचे नाव जोडले, मग आडनाव का तुटते?

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. पालघर, बोईसर, तारापूर भागातली ही मुले काही वर्षांत शाळेच्या पटावर येतील. तीन शब्दांचे नाव चार शब्दांचे झाले. पण संगणकातला नावाचा रकाना जुन्याच मापाचा राहिला तर?

संगणक अक्षरे कशी मोजतो?

‘पालघर’मध्ये आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणक पाच चिन्हे मोजतो, कारण काना त्याच्या लेखी वेगळा. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त यांचेही तसेच. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, तर इंग्रजी अक्षर एकच. म्हणून मराठीत ‘पालघर’ १५ बाइटचे होते आणि इंग्रजीत सात. ‘तारापूर’ मराठीत २१ बाइट, इंग्रजीत सातच.

नाव नेमके कुठे तुटते?

‘वैष्णवी सुनंदा ज्ञानेश्वर पाटील’ हे काल्पनिक नाव घेऊ. इंग्रजीत लिहिले तर मोकळ्या जागांसह ३५ बाइट. मराठीत मात्र ८७ बाइट. रकाना ५० बाइटचा असेल तर इंग्रजी नाव आरामात बसते. मराठी नाव कापले गेले, तर ‘वैष्णवी सुनंदा ज्ञ’ एवढेच उरते. वडिलांच्या नावाचे एक अक्षर राहिले, आडनाव पूर्ण गेले.

‘नल टर्मिनेटर’ म्हणजे काय?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या ‘सी’ भाषेत मजकुराची लांबी वेगळी लिहून ठेवत नाहीत. मजकूर संपला की एक शून्य बाइट ठेवतात. हाच नल टर्मिनेटर. त्यामुळे ५० बाइटच्या जागेत नावाला प्रत्यक्षात ४९ बाइटच मिळतात. वरच्या उदाहरणात ४९व्या बाइटवर कापले तर ‘ज्ञ’मधल्या ‘ञ’चे दोनच बाइट उरतात आणि पडद्यावर चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. शून्य बाइट ठेवायचाच राहिला, तर प्रोग्रॅम न थांबता शेजारचा मजकूरही वाचत सुटतो.

सगळे डेटाबेस असेच वागतात का?

नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल रकान्याची लांबी चिन्हांत मोजतात. त्यांच्या ५०च्या रकान्यात वरचे ३१ चिन्हांचे नाव पूर्ण मावते. ओरॅकलमध्ये मात्र वेगळे सांगितले नाही तर ५० म्हणजे ५० बाइट. मजकूर मोठा झाला की ओरॅकल नोंद नाकारतो. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपूर्वी मूळ सेटिंगमध्ये मोठा मजकूर कापून साठवला जाई, फक्त एक इशारा येई. तो इशारा प्रोग्रॅमने तपासला नाही, तर कोणालाच काही कळत नसे. म्हणूनच एकाकडून दुसऱ्याकडे माहिती जाताना नाव बदलू शकते.

वडिलांचे नाव नसेल तर?

इथे दुसरा ‘नल’ येतो. डेटाबेसमध्ये नल म्हणजे ‘माहिती नोंदलेली नाही’. त्याचा शून्य बाइटशी संबंध नाही. पण चार रकाने जोडून पूर्ण नाव तयार करताना त्यातला एक नल असेल, तर अनेक डेटाबेसमध्ये सगळे उत्तरच नल येते. एकल मातेच्या मुलाचे अख्खे नाव कोरे दिसू शकते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही शक्यता आधीच धरायला हवी.

याचा फटका कुणाला?

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला ही अडचण नवी नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावे लागते. एका नोंदीत आडनाव अर्धे असेल तर काम अडते आणि दुरुस्तीच्या फेऱ्यांसाठी पाळी बुडवावी लागते. मुलांच्या नोंदी आताच नीट झाल्या तर पुढची ही पायपीट वाचेल.

काय काळजी घ्यावी?

पालकांनी अर्ज अंतिम करण्यापूर्वी पडद्यावरचे किंवा प्रिंटवरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे. चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसले तर चूक संगणकातल्या नोंदीची आहे, ती तिथेच दुरुस्त करून घ्यावी. तुटलेल्या नावाशी जुळावे म्हणून दुसरा कागद बदलू नये.

प्रणाली बनवणाऱ्यांनी रकान्याचे माप मराठी नाव धरून ठरवावे, सीमध्ये शून्य बाइटची जागा सोडावी आणि नाव मावत नसेल तर ते गुपचूप कापण्याऐवजी स्पष्ट संदेश द्यावा. चाचणीसाठी ‘ज्ञानेश्वर’ हे नाव उत्तम : दिसायला चार अक्षरे, संगणकात ३० बाइट.