सांडवा कुठे आहे?

मागच्या हिवाळ्यात मुलाच्या गाडीतून एमेकमधून जात होतो. रस्त्याच्या कडेला शेतीच्या पाण्याचा एक तलाव लागला, चहूबाजूंनी मातीचा उंच भराव. नातवाने विचारलं, "सबा, हा डोंगर इतका सरळ कसा?" मी म्हटलं, डोंगर नाही रे, धरण आहे. बोलता बोलता माझी नजर सांडवा शोधू लागली. वाचकहो, अलिया करण्यापूर्वी मी महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होतो. नोकरी सुटली, देश बदलला, पण ही खोड काही जात नाही.

सांडवा म्हणजे जादा पाण्याला सुखरूप बाहेर काढून देणारी वाट. भराव्याच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर ती ठेवतात. पक्क्या दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते बहुधा टिकतं, मातीचं टिकत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागलं की ते पलीकडच्या उतारावरची माती खरवडतं. घळ पडते, ती मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग सगळा तलाव त्या एका खिंडीतून बाहेर पडतो. हे व्हायला दिवस लागत नाहीत, तास पुरतात.

हवाईच्या कवाई बेटावरच्या का लोको धरणाचं नेमकं हेच झालं. हे धरण 1890 साली ऊसमळ्याला पाणी देण्यासाठी बांधलं, माती ओढून, त्या काळच्या पद्धतीने. 1971 च्या सुमारास तिथला साखर कारखाना बंद पडला. ऊस गेला, मजूर गेले, रोज बांधावरून फेरी मारणारा माणूसही गेला. धरण मात्र राहिलं. पुढे ती जमीन एका धनवान गृहस्थांनी विकत घेतली. तलावाचा काठ, समोर डोंगर, जागा मोठी रम्य. त्यांच्या दृष्टीने ते धरण नव्हतंच, घराच्या शोभेचं पाणी होतं. माझ्या मते खरी चूक इथेच सुरू झाली.

2006 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कवाईवर आठवडेच्या आठवडे पाऊस पडला. 14 मार्चच्या पहाटे बांध फुटला. तो दिवस पुरीमचा होता, आपल्या आज्या ज्याला होळीचा सण म्हणत. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात बारा तासांचं अंतर, म्हणजे इथे आपण संध्याकाळच्या जेवणाला बसत होतो तेव्हा तिकडे लोक अंथरुणात होते. जवळजवळ 40 कोटी गॅलन पाणी ओढ्याच्या पात्रातून खाली सुटलं. झाडं, घरं घेऊन ते हमरस्ता ओलांडून समुद्राला मिळालं. सात माणसं गेली. त्यांत एक लहान मूल होतं, एक गरोदर स्त्री होती. त्यांच्यापैकी कोणाचाही त्या धरणाच्या मालकीशी संबंध नव्हता. त्यांचं घर खालच्या अंगाला होतं, एवढंच.

चौकशीचा अहवाल 2007 च्या जानेवारीत आला. पाणी माथ्यावरून गेलं, कारण सांडवा जागेवर नव्हता. तो बहुधा मातीने बुजवला गेला होता, असं त्यात म्हटलं. सरकारही सुटलं नाही. धरण कमी धोक्याचं म्हणून नोंदलेलं होतं आणि राज्याच्या धरण-सुरक्षा विभागाने त्याची रीतसर तपासणी केलेलीच नव्हती. "कमी धोका" हा शेरा मी स्वतः कितीतरी कागदांवर पाहिलेला आहे. एकदा तो पडला की पुढचा अधिकारी बांधावर जायचे कष्ट घेत नाही. खाली नवी घरं उठली तरी शेरा तोच.

खटला बरीच वर्षं चालला. शेवटी 2013 मध्ये मालकाने स्वतःवरचा बेपर्वाईचा आरोप लढवला नाही, आणि 2014 मध्ये त्यांना सात महिन्यांची कैद झाली. सात माणसं, सात महिने. हवाईने 2007 मध्ये धरणांसाठी नवा कायदा केला, हे मात्र बरं झालं.

आता कोकणातल्या आपल्या माणसांना तिवरे आठवलं असेल. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं. ते खाजगी नव्हतं, सरकारी होतं. पण गळतीबद्दल गावकरी आधीपासून ओरडत होते. एका मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरला असं सांगितलं आणि साऱ्या महाराष्ट्रात त्यांची चेष्टा झाली. खरं सांगायचं तर बिळं मातीच्या बांधाला वाईटच. खेकडा असो, घूस असो, नाहीतर मेलेल्या झाडाच्या मुळाची पोकळी. म्हणून तर बांधावर झाड वाढू द्यायचं नसतं, नुसतं गवत ठेवायचं, तेही कापलेलं, म्हणजे बीळ दिसतं. पण दिसण्यासाठी कोणीतरी बघायला हवं ना? खेकड्याचं काम खेकड्याने केलं.

भारतात 2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना. त्याहून लहान बांध, कोणा बागाईतदाराने ओढा अडवून घातलेला, त्यात येत नाही.

गावी कोणाचा असा बांध असेल तर फोनवर एवढं विचारा: पायथ्याशी पाझर आहे का, आणि तो स्वच्छ आहे की गढूळ? थोडं स्वच्छ पाणी पाझरलं तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर आतली माती वाहून जाते आहे. त्याच दिवशी तलावाची पातळी उतरवायला घ्यायची, खालच्या वस्तीला सांगायचं आणि जाणकाराला बोलवायचं. आणि सांडव्यावर मासे अडवायला जाळी किंवा पाणी वाढवायला फळ्या लावल्या आहेत का तेही विचारा. हा उद्योग आपले लोक हमखास करतात.

त्या दिवशी मी मुलाला गाडी थांबवायला लावली. सून हसली, नातू कंटाळला. भराव्याच्या कोपऱ्याशी सांडव्याचं काँक्रीट दिसलं, मोकळं, गवतही कापलेलं. मग आम्ही पुढे निघालो.