‘अं’ सरसकट छाटू नका

बोलताना मध्येच येणारे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ हे निव्वळ पाल्हाळ, ते छाटले की बोलणे सुधारते, असा सल्ला सर्रास दिला जातो. अभ्यास मात्र वेगळे सांगतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या संशोधकांनी २००२ मध्ये इंग्रजी संभाषणे तपासली, तेव्हा ‘अ’नंतर थोडा आणि ‘अम’नंतर जास्त विलंब होतो, असे दिसले. हे उद्गार ‘थांबा, माझे संपलेले नाही’ अशी सूचनाच देतात. संभाषणात एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो; अशा घाईत ती सूचना नसेल, तर बोलणारा शब्द शोधेपर्यंत समोरचा त्याला तोडेल. २००७ मधील एका प्रयोगात तर अशा उद्गारानंतर आलेले शब्द ऐकणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले.

यावर आक्षेप असा, की दर वाक्याला ‘म्हणजे’ म्हणणाऱ्या वक्त्याची तयारी कच्ची वाटते. ते खरेच, ऊठसूट दिलेल्या सूचनेला अर्थ उरत नाही. पण व्यासपीठावर मध्येच तोडणारे कोणी नसते, म्हणून तिथे शांत विराम पुरतो आणि मुद्दे आधी ठरवले तर शोधाशोधही घटते. गप्पांमध्ये मात्र प्रत्येक ‘अं’वर पहारा ठेवला, तर लक्ष आशयावरून उडते. कात्री भाषणाला लावावी, गप्पांना नव्हे.