नवी बॅटरी, तरी गाडी मुकी!

उसाच्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. बारामती-नीरा रस्त्यावरच्या पणदरे गावी विज्ञानाचे प्रयोग दाखवण्याचा कार्यक्रम आटोपून आम्ही परत निघालो होतो. किल्ली फिरवली, तर गाडीतून नुसता 'कट-कट-कट' असा आवाज आला. पुढचे दिवे चांगले प्रखर लागत होते, पण किल्ली फिरवताच ते एकदम मंद होत. हे लक्षण आमच्या ओळखीचे होते. महिन्यापूर्वी असेच झाले असताना एका शहरातल्या गॅरेजमध्ये 'बॅटरी गेली' असे सांगून नवी बॅटरी बसवण्यात आली होती. मग आता काय गेले? स्टार्टर? की बॅटरी भरणारा अल्टरनेटर?

माळेगावच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांतल्याच एका ट्रॅक्टरवाल्याने गावातल्या एका वयस्क वायरमनना बोलावून आणले. त्यांच्या पिशवीत एक जुना काट्याचा मीटर होता. ते काय करतात ते आम्ही पाहत राहिलो, आणि वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेला ओहमचा नियम त्या रात्री आम्हाला नव्याने समजला.

दोन यंत्रे, एक तत्त्व

आधी या दोन यंत्रांची ओळख करून घेऊ. स्टार्टर ही विजेची मोटर आहे. ती बॅटरीतली वीज घेऊन इंजिनाच्या चाकाला पहिली गती देते. पूर्वी हे काम हँडल मारून करावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसवण्यात आला आणि हँडलची गरज हळूहळू संपली. अल्टरनेटरचे काम उलटे आहे. इंजिन सुरू झाले की ते पट्ट्याने अल्टरनेटरला फिरवते. त्यातले फिरते चुंबकीय क्षेत्र भोवतीच्या वेटोळ्यांत वीज निर्माण करते. फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ही वीज प्रत्यावर्ती असल्याने डायोडच्या साहाय्याने तिची दिशा एकच केली जाते. जुन्या अ‍ॅम्बेसेडर गाड्यांत हे काम डायनॅमो करीत असे.

या दोघांमध्ये उभी असते बॅटरी. स्टार्टर तिच्याकडून उधार घेतो, अल्टरनेटर ते फेडतो. लहान गाडीचा स्टार्टर सुमारे १५० अँपिअर विद्युतधारा घेतो. तो ४ सेकंद चालला तर १५० × ४ = ६०० कूलॉम प्रभार खर्च झाला. अल्टरनेटरने बॅटरीला १० अँपिअर धारा दिली तर तो सुमारे १ मिनिटात भरून निघतो. म्हणजे एका वेळचे देणे फार मोठे नसते. गाडी सुरू होत नाही तेव्हा दोष बॅटरीत आहे, स्टार्टरमध्ये आहे, अल्टरनेटरमध्ये आहे, की त्यांना जोडणाऱ्या तारांत आहे, हे शोधायचे असते.

पहिली तपासणी: बॅटरी

मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून त्याची टोके बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांना लावावीत. काही तास गाडी बंद असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आकडा आला तर ती बरीच रिकामी झाली आहे असे समजावे.

परंतु एवढ्यावर थांबू नये. कारण अशा वेळी बॅटरीतून जवळजवळ काहीच धारा वाहत नसते. डोक्यावर ओझे नसलेल्या माणसाच्या गुडघ्यात किती बळ आहे हे कसे कळणार? म्हणून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी मीटर पाहावा. आकडा १० च्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरी ठीक आहे. तो ८-९ च्या खाली कोसळला तर बॅटरी रिकामी किंवा खराब आहे, नाही तर स्टार्टर अडकून भलतीच जास्त धारा खेचत आहे.

पणदऱ्याच्या वायरमननी हेच केले. किल्ली फिरवली तरी बॅटरीच्या खुंट्यांवर ११.५ व्होल्टच्या वर आकडा टिकून होता. म्हणजे दिवे मंद होत होते, पण बॅटरी मुळीच दमलेली नव्हती! ते हसून म्हणाले, "गुरुजी, बॅटरीला बोल लावू नका. तारेला विचारा."

दुसरी तपासणी: तारा आणि जोड

मग त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या लोखंडावर ठेवले. हे दोन बिंदू जाड तारेने जोडलेले असतात. त्यांच्यातील विभवांतर जवळजवळ शून्य हवे. स्टार्टर चालू असतानाही ते अर्ध्या व्होल्टच्या आतच राहिले पाहिजे. आमच्या गाडीत मात्र किल्ली फिरवताच काटा ६ व्होल्टच्या आसपास थरथरू लागला. निम्मी वीज त्या एका तारेतच अडत होती.

गणित करून पाहू. त्या वेळी १०० अँपिअर धारा वाहत होती असे धरले, तर जोडाचा रोध ६ ÷ १०० = ०.०६ ओहम होतो. केवढासा हा रोध! गाडीतल्या ५ वॅटच्या दिव्याला सुमारे ०.४ अँपिअर धारा लागते. त्या धारेला या रोधावर फक्त ०.०२४ व्होल्टचा फटका बसतो. म्हणून दिवा झकास लागतो आणि आपण फसतो. तोच रोध स्टार्टरचे मात्र पाय बांधून ठेवतो. कमी धारेत न दिसणारा दोष जास्त धारेतच दिसतो, हे सूत्र लक्षात ठेवावे.

सांगाड्याला तार जिथे बोल्टने आवळली होती तिथे गंज चढला होता. तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा आवळला आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. आमची आधीची बॅटरीही बहुधा चांगलीच होती!

आवाज ओळखा

बॅटरी आणि तारा निर्दोष ठरल्यावरच स्टार्टरवर संशय घ्यावा. एकच मोठा 'कट्' आवाज होऊन पुढे काही झाले नाही, तर सोलेनॉइडच्या आतले संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. मोटर 'घूंऽऽ' करून फिरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा तिचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या चाकाला पकडत नसते. दात घासल्याचा खरखराट झाला तर दाते झिजले आहेत. काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, फ्यूज आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार तपासावी.

अल्टरनेटरची परीक्षा

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर पुन्हा मीटर लावावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. बॅटरीत वीज भरायची तर बाहेरचे विभवांतर तिच्यापेक्षा जास्त असलेच पाहिजे. १२.५ च्या खाली आकडा उतरत चालला तर अल्टरनेटर काम करीत नाही. अशा वेळी आधी पट्टा सैल आहे का ते गाडी बंद करून पाहावे. १५ च्या वर आकडा राहिला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून खराब होईल. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हे विभवांतर मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून तिथे गाडीची पुस्तिका पाहावी. किल्ली दिल्यावर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागून इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच न लागणारा दिवाही दोषाचीच खूण आहे.

हे कधीही करू नका

चालू गाडीत बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी रीत आहे. ती डायनॅमोच्या काळात खपून गेली. आज त्यामुळे विभवांतर क्षणात उसळून डायोड आणि गाडीतला संगणक जळू शकतो.

दुसरी रीत त्याहून घातक आहे. जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करणारे आपण पाहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी माणसाच्या अंगावर येतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी ट्रॅक्टर आहेत, तेव्हा वर्गात हे आवर्जून सांगितले पाहिजे. वरील तपासण्या करतानाही हँडब्रेक लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, अंगठी-घड्याळ काढावे आणि फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत.

वर्गात करून पाहा

टॉर्चचा एक वापरून संपत आलेला आणि एक नवा घट घ्या. दोन्हींचे विभवांतर आधी तसेच मोजा, मग टॉर्चचा बल्ब जोडून पुन्हा मोजा. पहिल्या मापात जवळजवळ सारखे दिसणारे घट दुसऱ्या मापात किती वेगळे निघतात ते मुलांना पाहू द्या. नंतर जोडात एक गंजका खिळा घालून त्याच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजायला सांगा.

भाग बदलून पाहणे महाग पडते, मोजून पाहणे फुकट असते. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा त्या दोहोंतला फरक केवळ पैशांचा राहत नाही.