बागवानी : शिकून करण्याजोगा धंदा

'बागवान' या शब्दाचा मूळ अर्थ माळी, बाग राखणारा. आपल्याकडे या आडनावाची घराणी पुष्कळ. पण बहुतेकांचा धंदा फळे-भाजी विकण्याचा. बाग मात्र हातची सुटली. आता ती पुन्हा हाती घेण्याची संधी आहे.

कळंबोलीचेच उदाहरण घ्या. कळंबोली म्हटले की लोखंडबाजार आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. परंतु याच वसाहतीत उद्याने आहेत, रस्त्यांच्या कडेला झाडे आहेत, सोसायट्यांची अंगणे आहेत. ती सांभाळायला जाणकार माणूस लागतो.

बाग लावणे सोपे, राखणे कठीण. खाडीलगतच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीत वर मुरूम आणि खाली खारट चिकणमाती असते. निचरा नसेल तर पावसाळ्यात रोप कुजते. स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही रोप लावून चालत नाही. करंज, भेंड, उंडी ही झाडे खारेपणा सोसतात. हिरवळीला दर चौरस मीटरला 5 लिटर पाणी धरले, तरी 1000 चौरस मीटरला एका वेळी 5000 लिटर लागते. हा हिशेब ठेकेदाराला आला नाही, तर नफा पाण्यातच जातो.

झाडाची छाटणी हेही हुन्नर आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. धोक्याचे झाड आधी ओळखता आले पाहिजे. शिवाय शहरात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

शिक्षण कोठे घ्यावे?

बारावी विज्ञान झालेल्यांना सीईटी देऊन उद्यानविद्येच्या 4 वर्षांच्या पदवीला प्रवेश घेता येतो. कोकणातल्यांना दापोलीचे कृषी विद्यापीठ जवळचे. ते 1972 साली स्थापन झाले. तेथील पाऊस आपल्यासारखाच. माती, रोपवाटिका, कीड-रोग, सिंचन, फुलझाडे असे विषय शिकावे लागतात. काम करीत शिकू इच्छिणाऱ्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी अभ्यासक्रमांची माहितीपत्रके पाहावीत.

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली. कळंबोली तिच्या हद्दीत आहे. महापालिकांच्या उद्यान विभागांत जाणकारांची गरज असते. परंतु केवळ नोकरीवर डोळा ठेवू नये. देखभालीचे ठेके, सोसायट्यांची वार्षिक कामे, रोपवाटिका यांतही कमाई आहे. मात्र निविदेसाठी अनामत रक्कम व अनुभवाचा दाखला लागतो, बिले उशिराही निघतात. म्हणून आरंभ दोन-तीन सोसायट्यांपासून करावा आणि माळ्यांची मजुरी भागेल एवढे भांडवल हाताशी ठेवावे.

आपल्या कारागिरांनाही यात वाव आहे. बागेला कुंपणाची जाळी, बाके, झोपाळे, नळजोडणी लागतेच. फॅब्रिकेटर, प्लंबर आणि उद्यानविद्या शिकलेला तरुण एकत्र आले, तर पुरे काम घरातल्या घरात होईल.

चार वर्षे मुलगा दुकानावर बसणार नाही, याची पालकांना चिंता वाटणे साहजिक आहे. पण नुसता फावडे धरणारा मजुरीच मागतो. माती ओळखणारा कामाची किंमत स्वतः सांगतो. मुलाला, आणि मुलीलाही, बारावीनंतर कोठे पाठवायचे हे ठरविताना हा फरक ध्यानात घ्यावा.