रसायनशास्त्राचें पहिलें वर्ष

बारावीची परीक्षा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण होऊन विज्ञानाच्या पदवीवर्गांत गेलेलीं कित्येक मुलें पहिल्याच सहामाहींत रसायनशास्त्रापाशीं अडखळतात, आणि ‘हा विषय आपल्या बुद्धीचा नव्हे’ असा निकाल स्वतःच देऊन मोकळीं होतात. तो निकाल आम्हांस मान्य नाहीं. संस्कृताच्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकानें यांत कां पडावें, असें कोणी म्हणेल. परंतु मेंडेलेव्ह या रशियन पंडितानें १८७१ सालीं, तोंवर न सांपडलेल्या मूलद्रव्यांस नांवें देतांना, संस्कृतांतील ‘एक’ हा शब्द उसना घेतला. त्याचें ‘एक-ॲल्युमिनियम’ १८७५ सालीं गॅलियम या नांवानें हातीं आलें. तेवढ्या नात्यावर आम्ही बोलतों.

अडखळण्याची जागा बहुधा ‘मोल’ ही असते. एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आंकडा नेमका ठरलेला आहे. मुलें तो घोकतात. घोकण्याचे आम्ही वैरी नव्हों; रूपें पाठ असल्यावांचून काव्य लागत नाहीं. पण ‘रामेण’ पाठ आहे आणि तृतीया कशासाठीं तें ठाऊक नाहीं, अशा विद्यार्थ्याची जी गत, तीच येथें होते.

विड्यास दोन पानें व एक सुपारी लागते. त्यांचें वजन कोणी विचारीत नाहीं, मोजणी नगांची. पाण्याच्या रेणूंतहि हायड्रोजनचे दोन अणु व ऑक्सिजनचा एक. मात्र अणु बोटांनीं मोजतां येत नाहींत. हातीं असतो तो तराजू. वजनावरून नग काढतां यावे, एवढ्याचसाठीं मोल. हायड्रोजनच्या अणूंचा एक मोल सुमारें १ ग्रॅम भरतो, ऑक्सिजनच्या अणूंचा १६ ग्रॅम. नग दोहोंकडे तितकेच.

आतां दोन्ही वायु चार-चार ग्रॅम घेऊन त्यांचा संयोग घडविला, तर पाणी किती? पुष्कळ मुलें आठ ग्रॅम म्हणतात, कारण वस्तुमान नष्ट होत नाहीं हा नियम त्यांस पाठ असतो. नियम खरा, उत्तर खोटें. ऑक्सिजनचे अणु येथें पाव मोल. त्यांस हायड्रोजनचे अर्धा मोल, म्हणजे अर्धा ग्रॅम, पुरे. पाणी साडेचार ग्रॅम होतें आणि साडेतीन ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. सुपाऱ्या संपल्यावर पानें ढीगभर असलीं तरी विडा होत नाहीं.

डाल्टनसारखा पंडितहि पाण्यांत दोहोंचा एकेकच अणु मानीत असे. अव्होगाड्रोनें १८११ सालीं योग्य वाट दाखविली, पण कॅनिझारोनें १८६० सालच्या कार्ल्सरुहे येथील परिषदेंत ती पुन्हां मांडीपर्यंत बहुतेकांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पंडितांस जेथें अर्धशतक लागलें, तें अठरा वर्षांच्या मुलाकडून दोन तासिकांत उरकून घ्यावयाचें, आणि वर त्याच्याच बुद्धीस बोल लावावयाचा, हा उघड अन्याय होय.

पालकांनीं शिकवणी लावण्यापूर्वीं मुलास वरच्याच गणितांत ऑक्सिजन आठ ग्रॅम घेऊन उत्तर विचारावें. सूत्र लिहूं न देतां तोंडीं सांगावयास लावावें, आणि घड्याळाकडे पाहूं नये. आमच्या नातीस पाऊण तास लागला. तिनें पाणी नऊ ग्रॅम सांगितलें, आणि हायड्रोजन तीन ग्रॅम उरेल, हेंहि न विचारतां सांगितलें.