कानी पडणे आणि ध्यानी येणे

परकी भाषा तिच्या मुलखात जाऊन राहिले की आपोआप येते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. परंतु हवाई विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमधील सुमारे पाच महिन्यांच्या मुक्कामात पोर्तुगीज शिकताना जी रोजनिशी ठेवली, तिचा आपल्याच संभाषणांच्या ध्वनिमुद्रणाशी सिल्व्हिया फ्रोटा यांच्या साहाय्याने ताळा घालून त्यांनी १९८६ साली जे प्रसिद्ध केले, ते या समजाला मुळापासून हादरा देणारे होते. रोज कानांवर आदळणारी कित्येक रूपे, ‘हे लोक असे बोलतात’ अशी नोंद मनाने घेईपर्यंत, त्यांच्या जिभेवर आलीच नव्हती! अशा दखलीवाचून काहीच शिकता येत नाही काय, हा विद्वानांतील वाद अद्याप मिटलेला नाही. दखल घेतल्याने शिकणे सुकर होते, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही.

कॅनडात १९६५ साली सेंट लँबर्ट येथे इंग्रजीभाषी मुलांना फ्रेंचमधूनच शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे अशा शाळांतून वर्षानुवर्षे शिकलेल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण नामांच्या लिंगांत त्यांचे प्रमाद होतच राहिले. कारण लिंग चुकले तरी अर्थ पोहोचतो, आणि ज्या चुकीने व्यवहार अडत नाही तिच्याकडे लक्ष जाण्याचे प्रयोजनच उरत नाही.

आपल्या मुलांच्या हिंदीचा दाखला घ्यावा. ‘मैं रोटी खाया’ असे मराठी मुलगा बोलून जातो व ऐकणाऱ्याला ते समजते, म्हणून दोष तसाच राहतो. शिक्षकाने केवळ खोडून ‘मैंने रोटी खाई’ असे लिहून देण्याऐवजी फळ्यावर शेजारी ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ ही वाक्ये मांडून, खाणारा मुलगा असता क्रियापद ‘खाल्ली’ का, आणि ‘त्याने’मधला ‘ने’ ‘मी’ला का नाही, एवढेच विचारावे. क्रियापद पोळीमागे जाण्याचा नियम आपल्याही घरी जन्मापासून नांदतो आहे आणि या वाक्यापुरते हिंदीत नवे आहे ते केवळ प्रथमपुरुषातील ‘ने’, हे मुलाच्या प्रथमच ध्यानी येते. मातृभाषा आणि परभाषा यांचे तास असे परस्परांशी जोडावेत, हाच आग्रह ब्रिटनमध्ये एरिक हॉकिन्स यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात धरला होता, आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो. ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांनाही मराठीत हा ‘ने’ लागत नाही, हे मुलांनी आपल्याच बोलण्यातून हुडकून काढावे. व्याकरणाचे पुस्तक त्यानंतर उघडावे.